पत्रिकेच्या पाठीवरचे शब्द

मी डबा बोलतोय. बोलतोय म्हणजे खरं तर खडखडतोय, पण दिनकररावांच्या घरात ज्याला जसं येतं तसं त्याने बोलावं अशी पद्धत आहे. मी पत्र्याचा, चौकोनी, वीतभर उंचीचा. झाकणावर एकेकाळी मोर होता, आता त्याचे नुसते पाय उरलेत. पोटात सहाशे चाळीस कार्डं आहेत. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला लांबलचक वर्णन आणि दुसऱ्या बाजूला त्या सगळ्या वर्णनाऐवजी चालणारा एकच इंग्रजी शब्द. त्यातलं एक कार्ड असं आहे: 'थकून गेलेला, ज्याला आता कशातच गोडी उरली नाही असा.' उलटलं की मागे 'वेअरी'. ते कार्ड कुणी वाचलं की मला वाटतं, हजेरीत आपलंच नाव घेतलं.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. पहिली आठवण चहापत्तीच्या वासाची आहे. पूर्णा जंक्शनवर मार्तंडचा चहाचा गाडा होता, त्याच्या फळीवर मी बसायचो. गाडी आली की माझं झाकण उघडायचं, गेली की बंद व्हायचं. माणसं गाडीच्या डब्यातून उडी मारून 'लवकर दे, लवकर दे' करायची आणि कप हातात पडला की निवांत उभी राहायची. इंजिन बदलायला पूर्णेत गाडी किती वेळ थांबते हे रोजच्या माणसालासुद्धा कळायचं नाही. तिथेच मला पहिल्यांदा माणसांचा थोडा कंटाळा आला.

दिनकरराव गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. संध्याकाळी गाडीने येणारा पेपर घ्यायला स्टेशनवर यायचे आणि मार्तंडकडे चहा प्यायचे. मार्तंडने गाडा बंद केला तेव्हा बाकीचं सामान विकलं, मला मात्र सरांच्या हातात दिलं.

"सर, ह्याचं झाकण लय घट्ट हाय. वारं सुदिक आत जात न्हाई. वाया नका घालू ह्याला."

सरांनी मला घरी नेलं, दोनदा धुतलं, उन्हात वाळवलं आणि माझ्यात शब्द भरायला सुरुवात केली. चहाचा वास काही गेला नाही. पुढे कित्येक मुलं रेल्वेच्या परीक्षेला बसली तेव्हा म्हणायची, पेपरात अवघड शब्द आला की नाकात चहापत्ती यायची.

सर घरीही वर्ग घ्यायचे. त्यांची पद्धत अशी. शर्टाच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून कार्ड करायचं. पुढे लिहायचं: 'ज्याला लिहिता-वाचता येत नाही असा माणूस.' मुलाने न उलटता सांगायचं: 'इलिटरेट.' मग पुढचं: 'गुन्हा घडला तेव्हा आपण तिथे नव्हतो, दुसरीकडे होतो, याचा पुरावा.' मागे 'आलिबाय'. हा शब्द आला की वर्गाची चंगळ व्हायची. पोरं दोन दिवस दांडी मारून यायची आणि म्हणायची, "सर, माझा आलिबाय असा की म्हैस व्यायली." सर हसायचे आणि त्याला दहा कार्डं जादा द्यायचे.

पण चुकलेल्या शब्दाला ते हसत नसत. कुणी जवळपासचा, चालून जाईल असा शब्द सांगितला की ते मला उचलायचे, झाकण काढायचे आणि परत लावायचे. टक्.

"ऐकलं? झाकण बसलं की वाजतं. वाजलं नाही तर ते बसलेलं नाही. नुसतं वर ठेवलेलं आहे. शब्द बसला पाहिजे."

एकदा रेल्वे क्वार्टरमधल्या एका मुलाने 'इमिग्रंट' आणि 'एमिग्रंट' एकच म्हणून सोडून दिले. सर त्या दिवशी पाऊण तास त्या दोन कार्डांवर बोलले. "जाणारा वेगळा, येणारा वेगळा. माणूस आपल्या पायाने कुठून निघाला हे ज्या शब्दात आहे, तिथे दुसरा शब्द घातलास तर तो ज्या गावातून निघाला ते गावच पुसून टाकलंस." मुलाने मान डोलावली. त्याला भूक लागली होती. पण कोपऱ्यात बसून कार्डांचे कोपरे कातरणारी एक मुलगी ते नीट ऐकत होती. ती मैत्रेयी, सरांची एकुलती एक.

मैत्रेयी माझ्यासमोर वाढली. बी.ए. झाली, बी.एड. झाली आणि मग तिचं लग्न ठरलं. मुलगा मानवतचा, श्रीराम, घरची कापसाची आणि धान्याची आडत. पत्रिकेचा मजकूर सरांनी स्वतः लिहिला आणि चारशे पत्रिका छापून घेतल्या, कारण त्यांच्या मनात होतं की एकतीस वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांना बोलवावं. हजेरीपट उतरवून यादी केली. यादी झाल्यावर लक्षात आलं की कुणाचाच पत्ता आपल्याकडे नाही. लग्न झालं, वरात गेली आणि शंभर पत्रिका घरात तशाच राहिल्या.

पत्रिका केरात टाकत नाहीत. वर गणपती असतो, हळदकुंकू लागलेलं असतं. पार्वतीबाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, रोज दुपारी बसून शंभर गणपती कातरून काढले आणि देवघरातल्या पिशवीत ठेवले. उरलेल्या कागदाकडे सर चार दिवस बघत होते. कागद जाड होता, एका बाजूने कोरा. पाचव्या दिवशी त्यांनी मैद्याची खळ शिजवली, पत्रिकांचे तुकडे केले आणि दोन-दोन तुकडे छापील बाजू आत घेऊन चिकटवले. कोऱ्या बाजू बाहेर. असा पुठ्ठा त्यांना जन्मात मिळाला नव्हता. जवळजवळ चारशे नवी कार्डं झाली. गणपती कातरलेली एक पत्रिका तेवढी बाकी अख्खी राहिली, ती त्यांनी माझ्या तळाशी अंथरली, कार्डं खडखडू नयेत म्हणून.

सर खुशीत होते. मी नव्हतो. त्या दिवसापासून लेकीचं लग्न माझ्या पोटात तुकड्या-तुकड्यांनी चिकटलेलं होतं आणि त्यावर 'इनएव्हिटेबल' म्हणजे अटळ आणि 'ऑम्निव्होरस' म्हणजे सर्वभक्षी असले शब्द लिहिलेले होते.

अडीच वर्षांनी मैत्रेयी परत आली. मंगळवार होता, दुपार होती. परभणीत गाडी बदलून ती एकटीच पूर्णेला उतरली आणि चालत घरी आली. हातात एक पिशवी. सर बैठकीत खुर्चीवर बसून कार्डं लावत होते, मी त्यांच्या मांडीवर होतो, त्यामुळे तिने जे सांगितलं ते मी शब्दनशब्द ऐकलं.

"त्यांनी मारलं नाही बाबा. उपाशी ठेवलं नाही. ते माझ्याशी बोलायचेच नाहीत."

"भांडण झालं का?"

"भांडायला बोलावं लागतं. काही सांगायचं असलं की त्यांच्या आईंना सांगायचे, माझ्यासमोर. 'तिला म्हणावं, पाणी दे.' 'तिला म्हणावं, दिवा लाव.' अडीच वर्षं. आज मी स्वयंपाक आवरला, ओटा पुसला, आणि सगळे ओसरीत बसलेले असताना सांगितलं, मी चालले माझ्या घरी. तवा पण ते आईंकडेच बघून म्हणले, 'तिला विचार, कुठं चाललीय.'"

सरांनी एक कार्ड हातात धरलं होतं ते तसंच राहिलं. मी त्यांना ओळखतो. ते या सगळ्यासाठी एक शब्द शोधत होते आणि त्यांना तो सापडत नव्हता. पार्वतीबाईंनी मुलीच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला आत नेलं.

श्रीराम दोनदा न्यायला आला, दोन्ही वेळा मामाला घेऊन, जीपने. एकदा महिन्याभराने, एकदा दिवाळीनंतर. सरांनी त्यांना चहा पाजला. श्रीरामने कप खाली ठेवला आणि पार्वतीबाईंकडे बघून म्हणाला, "तिला म्हणावं, चल." मैत्रेयी दाराच्या चौकटीत उभी होती. चार हातांवर. ती "न्हाई" म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या वेळेनंतर कुणी आलं नाही.

माणसांचं एक मी इतक्या वर्षांत पाहिलंय. स्वतःचं दुखलं की त्यांना सांगायला दुपार पुरत नाही. दुसऱ्याचं दुखलं की एका शब्दात उरकतात. गल्लीतल्या मालनबाई हळद दळून घेऊन आल्या आणि ओट्यावर टेकता टेकता म्हणाल्या, "पार्वतीबाई, मैत्रेयीला टाकलं म्हणं वो जावयानं?" पार्वतीबाई हळद चाळत राहिल्या. त्या आठवड्यात सगळ्या गल्लीला तो शब्द पुरला. टाकलेली. न्यायला आलेली जीप सगळ्यांनी दोनदा पाहिली होती, तरी शब्द तोच.

मैत्रेयीने घरात बसून काय केलं? माझी कार्डं पाठ केली. सकाळी सरांचा वर्ग, दुपारी ती आणि मी. बँकेची परीक्षा, तलाठ्याची परीक्षा, शिक्षकांची परीक्षा, कुठे चार गुणांनी राहायची, कुठे भरतीच थांबायची. वय पुढे सरकत होतं. एकदा खिडकीपाशी कार्ड हातात धरून ती पाठ करत होती आणि ऊन कार्डाच्या मागून आलं. मी बघितलं, ती थांबली. आतली छापील अक्षरं उन्हात उमटली होती. उलटी, अर्धी, पण तिला वाचता आली. तिने दुसरं कार्ड उन्हात धरलं, मग तिसरं. मग सगळी गोळा करून माझ्यात भरली आणि झाकण लावलं. टक्. वडिलांना ती एका अक्षराने बोलली नाही. मला त्या दिवशी आपण चहाचा डबा राहिलो असतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

सर आता निवृत्त झाले होते आणि घरचा वर्गही रोडावला होता. मुलांच्या मोबाईलमध्ये शब्द आले, तिथे चुकलं की फोन थरथरतो, झाकण वाजवायला माणूस लागत नाही. उरल्या चार-पाच मुली. त्यातली धम्मशीला पालमहून एसटीने यायची, रेल्वेच्या परीक्षेसाठी. तिला कार्डं आवडायची पण पाठ व्हायची नाहीत. "सर, मला हे जमंना गेलंय. मोठं वाक्य ध्यानात राहतंय, बारका शब्दच निसटतोय."

"बारका आहे म्हणूनच निसटतो," सर म्हणायचे. "धरून ठेव."

मग ती जाहिरात आली. एका संस्थेच्या मुलींच्या निवासी शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची एक जागा. पगार बरा, राहायला खोली. खाली बारीक अक्षरांत: विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता महिलांना प्राधान्य. तसं असल्यास स्वयंघोषणापत्र जोडावं, दोन शेजाऱ्यांच्या साक्षीसह.

सरांना दोन महिन्यांपूर्वी छातीत कळ येऊन दवाखान्यात जावं लागलं होतं. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास होता. आपण आहोत तोवर पोरीच्या पायाखाली काही असावं. ही जागा त्यांना त्यासाठीच निघाल्यासारखी वाटली. त्यांनी दुपारी बसून घोषणापत्र स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं, मालनबाईंच्या मालकांची सही घेऊन ठेवली आणि कागद माझ्या झाकणावर ठेवून मैत्रेयीला हाक मारली.

तिने उभ्या उभ्या वाचलं. "'माझ्या पतीने मला टाकून दिले असून मी माहेरी आश्रयास आहे.' हे काय आहे बाबा?"

"खाली सही कर. परवा शेवटची तारीख आहे."

"पण हे झालंच नाही. ते दोनदा न्यायला आलते. तुमीच चहा पाजला."

"कोण विचारायला बसलंय? अगं माय, सगळे लिहितात. कागदावरचा शब्द असतो तो. प्राधान्य मिळालं की जागा तुझी आहे."

"शब्द बसला पाहिजे म्हणणारे तुमीच ना?"

"ते वर्गात!" सरांचा आवाज चढला. "वर्गात ठीक आहे ते. मी उद्या नसलो तर काय करशील? हे डबे-कार्डं घेऊन बसशील का? एका शब्दानं तुझं आयुष्य मार्गी लागायलंय आणि तू अर्थ बघत बसलीस!"

पार्वतीबाई आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मैत्रेयी बोलली तेव्हा हळू बोलली.

"त्या घरातून निघायला मला अडीच वर्षं लागली बाबा. रोज ठरवायचे आणि रोज राहायचं. आख्ख्या आयुष्यात ती एक गोष्ट मी माझी मी केलीय. आता तीपण त्यांच्याच नावावर लिहून देऊ का?"

सरांनी कागद ओढला की हात झटकला, ते मला कळलं नाही. मी टेबलावरून खाली गेलो. सहाशे चाळीस कार्डं बैठकीभर झाली आणि झाकण खुर्चीच्या पायावर आपटून एका कोपऱ्यात दुमडलं. सर बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मायलेकी खाली बसून कार्डं वेचत राहिल्या.

तेव्हापासून माझं झाकण बसत नाही. ठेवलं की राहतं, दाबलं की कुरकुरतं, पण वाजत नाही.

कार्डं भरताना मैत्रेयीला तळाची अख्खी पत्रिका दिसली. तिने ती बाहेर काढली, छापील बाजू एकदा वाचली, मग उलटी करून कोऱ्या बाजूवर वरच्या भागात बारीक अक्षरात तीन ओळी लिहिल्या. ती पत्रिका तिने पुन्हा माझ्यात ठेवली, सगळ्यात वर. मग अर्ज भरला. वैवाहिक स्थितीसमोर लिहिलं: विवाहित, पतीपासून स्वतःहून वेगळी राहते. घोषणापत्र जोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ती अर्ज स्वतः नेऊन देऊन आली.

पुढचे तीन आठवडे घरात अबोला होता असं मी म्हणणार नाही, कारण त्या घरात आता अबोल्याची सगळ्यांनाच भीती होती. सर मुद्दाम बोलायचे, जरा जास्तच. "मैत्रेयी, चहा देतेस का?" "मैत्रेयी, आज ऊन लय आहे." नाव घेऊन, तिच्याकडे बघून. पण वर्गात त्यांनी मला उचलणं सोडलं. कुणी जवळपासचा शब्द सांगितला तर "चालेल" म्हणायचे. धम्मशीलाने एकदा 'चोर' आणि 'दरोडेखोर' यांना एकच इंग्रजी शब्द लावला, तेही चाललं. ती बिचारी घाबरून इतरांकडे बघायला लागली. तिला वाटलं, सरांची तब्येत पुन्हा बिघडली.

मुलाखतीहून मैत्रेयी संध्याकाळी आली. सर दारातच होते.

"काय झालं?"

"छान झाली. शिकवायला लावलं, शिकवलं. मग साहेबांनी विचारलं, नवऱ्यापासून वेगळं राहायचं कारण एका शब्दात सांगा. मी म्हणलं, एका शब्दात नाही सांगता येणार सर, वेळ असेल तर सांगते. त्यांना वेळ नव्हता."

"म्हणजे गेली जागा."

"गेली." ती चपला काढून बसली. "बाहेर बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. बबिता नाव. जिंतूरकडची. नवरा सात वर्षांमागं दोन लेकरं हिच्या अंगावर टाकून गेला, परत तोंड दाखवलं न्हाई. घोषणापत्र हातात घट्ट धरून बसली होती. मला म्हणली, ताई, माझं इंग्रजी तुमच्याएवढं न्हाई, पण ह्या कागदावर माझा भरवसा हाय. निकाल तिथंच सांगितला. तिलाच मिळाली." मैत्रेयीने पाण्याचा तांब्या उचलला आणि परत खाली ठेवला. "तुमी लिहिलेल्या कागदावर मी सही केली असती ना बाबा, तर आज तिला रिकाम्या हातानं जावं लागलं असतं. आणि तिचा कागद खरा होता."

सर आपल्या हातांकडे बघत बसले. मला त्यांची कीव आली. चुकीचा शब्द त्यांनी लेकीच्या काळजीपोटी लिहिला होता. वाईट हेतू शोधला तरी सापडला नसता. पण अकरा वाक्यांचं त्यांचं ते सुंदर अक्षरातलं घोषणापत्र अजून टेबलाच्या खणात होतं आणि ते खोटं होतं. त्यांनी ते काढलं, चार तुकडे केले आणि पार्वतीबाईंना म्हणाले, "हे चुलीत घाल."

"आपल्याकडं चूल कुठाय आता?" पार्वतीबाई म्हणाल्या आणि तुकडे केरात टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रेयी आंघोळीला गेलेली असताना सर माझ्यापाशी आले. वाकडं झाकण उचललं. वरच ती पत्रिका होती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळे लेकीच्या तीन ओळी वाचायला त्यांना खिडकीपाशी जावं लागलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागद उन्हात धरला, मागची छापील अक्षरं कुठे येतात ते अंदाजलं आणि कात्री घेतली.

आधी खालचा भाग गेला, त्यात 'आणि' होतं, श्रीराम होता, मानवत होतं, मुहूर्त होता. मग उजवीकडची दोघांची गोत्रं-घराणी गेली. मग त्यांनी कागद अगदी डोळ्यांजवळ धरला आणि डावीकडून एक बारीक पट्टी कापली. 'चि. सौ. कां.' एवढीच अक्षरं फरशीवर पडली. कात्री जरा आत गेली आणि मैत्रेयीने लिहिलेल्या ओळीतला एक काना कापला गेला. सरांनी तोंडाने चुक् केलं. राहिलेला तुकडा इतर कार्डांच्या मापाचा झाला होता. तो त्यांनी माझ्यात घातला, कुणालाही न सांगता, गठ्ठ्याच्या मधोमध. पार्वतीबाई केरसुणी घेऊन आल्या आणि खालचं सगळं एका फटक्यात गोळा करून घेऊन गेल्या.

या गोष्टीला आता वर्ष झालं. मैत्रेयी रोज सकाळच्या गाडीने परभणीला जाते, एका शिकवणीच्या वर्गात इंग्रजी शिकवते आणि दिवेलागणीला दमून परत येते. नोकरी मोठी नाही. गल्लीत अजून तोच शब्द आहे, फक्त मालनबाई तो आता जरा हळू म्हणतात. सरांना वाचायला भिंग लागतं. माझ्या तळाला गंज धरलाय, वाकड्या झाकणाच्या फटीतून मुंग्या येतात आणि खळ खातात, त्यामुळे कार्डं अधूनमधून उकलतात आणि कुठे तरी मंडपाचा पत्ता बाहेर पडतो. मी थकलोय. इतकी वर्षं पोटात शब्द बाळगले, पण कुणाचं पोट भरलं आणि कुणाचं नाही, हे मला नीट सांगता येणार नाही. मला मोडीत घालायचं असेल तर खुशाल घाला, माझी तक्रार नाही. फक्त आधी रिकामा करा, आणि ते एक कार्ड पार्वतीबाईंच्या देवघरातल्या पिशवीत, गणपतींच्या सोबत ठेवा. एवढं कराल तर बरं होईल.

जाता जाता परवाची गोष्ट सांगतो. रविवार होता, म्हणून मैत्रेयी घरी होती, आत भाजी निवडत बसली होती. बाहेर वर्ग चालला होता. धम्मशीलाने माझ्यात हात घातला आणि मधलंच एक कार्ड ओढलं. सगळ्या मुलींना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं.

"'जिला कुणी टाकलं नाही, जी कुणासोबत पळाली नाही, जी सगळ्यांना सांगून, भर दिवसा, स्वतःच्या पायांनी आपल्या घरी निघून आली ती.'" ती थांबली. "सर, हे नवंच हाय. ह्याला काय म्हणायचं?"

"उलट," सर म्हणाले.

तिने उलटलं. मागे सोनेरी छापील अक्षरं होती. तिने वाचलं, "मैत्रेयी." आणि मग आतल्या दाराकडे बघितलं. आत भाजी निवडण्याचा आवाज थांबला होता.

"सर, हा शब्द डिक्शनरीत हाय का?"

"नाही."

"मग चालंल का पेपरात?"

"पेपरात चालणार नाही. पण बसतो."

धम्मशीलाला सरांची जुनी खोड माहीत होती. तिने कार्ड माझ्यात ठेवलं, झाकण लावलं आणि दोन्ही तळव्यांनी जोर देऊन दाबलं. मीही माझ्याकडून होईल तेवढं केलं. पत्रा कुरकुरला. आवाज आला नाही. तिने पुन्हा दाबलं.

"सर, वाजंना गेलंय."

सरांनी हात लांब करून मला तिच्याकडून घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"डबा वाकडा झालाय, बाळा," ते म्हणाले, आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "शब्द बरोबर आहे."